शहाऐंशीची जुडी

सोमवार, १४ नोव्हेंबर १९८८. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आमोण्याच्या भातगिरणीत बाबलीने आपलं सूप विमलाच्या पायांपुढे उपडं केलं.

तांदूळ नुकताच गिरणीतून पडलेला, हाताला गरम लागत होता. खाजनातल्या कोरगुटाचा तांदूळ. तो तांबडा असतो. फरशीवर पसरलेल्या ढिगात तांबड्यात पांढरे दाणे होते. चार-दोन नव्हेत, मूठ भरली तर दहा-बारा.

गिरणीवाल्याने पट्टा थांबवला नाही, पण खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं. रांगेतल्या बायका पुढे सरकल्या.

"हें किदें गो वयनी?" बाबली म्हणाला.

विमला उकिडवी बसली. एक पांढरा दाणा उचलून तिने दाताखाली धरला. कट्‌कन तुटला. आतूनही पांढरा.

"माका खबर ना."

"तुका खबर ना? बीं तुमच्या घरचें. मगे हांव कोणाक विचारूं? फादर-विगाराक?"

रांगेत कोणीतरी हसलं.

"गिरणींत दुसऱ्याचें भात उरलेलें आसतलें," विमला म्हणाली.

"सकाळपसून कोरगुटाबगर कांय घालूंक ना," गिरणीवाला लगेच म्हणाला. "माझेर घालूं नाका."

बाबलीने पायाने ढीग सारखा केला. "खारें पाणी इलें तेन्ना माझो अर्धो मळो आडवो पडलो. हांव म्हणटालों, बांध फुटलो, नशीब म्हजें. आतां कळ्ळें. तें कोरगूट नाशिल्लेंच. तुमी मापाक भर म्हणून दुकानाचें भात घालून आमकां बीं दिलें."

विमलाने आपलं सूप खाली ठेवलं आणि बाबलीचा सांडलेला तांदूळ हाताने गोळा करून त्याच्या सुपात भरू लागली. फरशीवरची धूळही त्यात आली. शेवटचे दाणे नखाने उचलताना तिला सगळ्या बायकांचे पाय दिसत होते. मग ती आपलं भात न कांडता तसंच डोक्यावर घेऊन घरी गेली.

आमोण्याचं खाजन मांडवीला लागून आहे. भरतीचं पाणी बांधाने अडवलेलं, तरी जमीन खारटच. तिथे कोरगूट सोडून दुसरं भात उभं राहत नाही. हे बियाणं विमलाच्या नवऱ्याच्या, जयरामच्या घरात त्याच्या आजोबांच्या आधीपासून ठेवलं जातं. दर वर्षी पेरणीच्या आधी गाव त्यांच्याकडून बी नेतो आणि कापणीनंतर मापाला पाव माप चढवून परत आणून देतो. त्या बदल्यात शेतकरी संघाने देवळामागचा गोड्या पाण्याचा एक कुणगा, शेताचा तुकडा, त्यांना कसायला दिलेला. त्याला सगळे बियाचा कुणगा म्हणतात. त्यात पुढच्या सालचं बी तयार करायचं आणि उरल्या काळात भाजी, अळसांदे, काय हवं ते घ्यायचं. घरच्या बाकीच्या जमिनीपेक्षा तो कुणगा मोलाचा होता, कारण बाकीची सगळी जमीन खारट होती.

त्या साली २२ सप्टेंबरला बांध फुटला. नदीतून खनिजाच्या बार्जी जात होत्या, भरती मोठी होती, कशाने फुटला ते ठरलं नाही. सहा दिवस खारं पाणी मळ्यात राहिलं. जयराम आणि बाबली शेजारी शेजारी कमरेभर चिखलात उभे राहून बांध घालत होते. तेव्हापासून जयरामची कंबर धरलेली होती.

विमला घरी आली तेव्हा तो ओसरीवर पालथा पडला होता आणि सून कमल त्याच्या पाठीवर गरम विटेचा शेक देत होती. मुलगा परेश बार्जीवर खलाशी होता, पंधरवड्याने यायचा.

"कांडून हाडलें ना?" जयरामने विचारलं.

विमलाने व्हायनात, दगडी उखळात, दोन ओंजळी भात टाकलं आणि मुसळ घेतलं. पाचेक मिनिटांनी सूप पाखडून त्याच्या तोंडापुढे धरलं. त्यातही पांढरे दाणे होते.

जयरामने ते पाहिलं. मग कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

"आई," कमल म्हणाली, "आमी घालूंक ना, न्ही?"

"तूं लग्न जावन इल्ल्याक तीन वर्सां जातलीं. तुवें कोणाक घालताना पळयलें?"

"ना."

"मगे?"

बुधवारी संघाची नोटीस आली. रविवारी सभा. विषय एकच: बियातील भेसळ व बियाचा कुणगा काढून घेणे.

डिचोलीच्या शेतकी कचेरीत जायचं कमलनेच काढलं. ती दहावीपर्यंत शिकलेली. विमलाने रुमालात दोन मुठी तांदूळ बांधला आणि दोघी सकाळच्या बसने गेल्या. रस्ता खनिजाच्या ट्रकांनी भरलेला. उतरल्या तेव्हा दोघींच्या भुवया तांबड्या झाल्या होत्या. कृष्णनाथ नावाच्या कृषी सहायकाने रुमाल उघडून पाहिला, पांढरे दाणे वेगळे काढले आणि म्हणाला, "हांव शुक्रवारीं येतां. तोमेरेन कोणाक कांय सांगूं नाकात."

शुक्रवारी तो स्कूटरवरून आला. पेडण्याकडचा, पस्तिशीचा, चष्म्याला दोरी बांधलेला. चहा न घेता पांढऱ्या दाण्यांवर बोट ठेवून त्याने पहिला प्रश्न केला, "कोरगुटाच्या लागीं केन्नाय धव्या तांदळाचें भात लायलेलें?"

"आमी कोरगुटाबगर कांय लायना," विमला म्हणाली.

"याद कर काकी. कुणग्यांत? मेरेर?"

"ना म्हळें न्ही."

जयराम उठून बसला. कंबरेला हात लावून त्याने दोनदा खाकरून घेतलं. "पंच्याऐंशीं सालीं," तो म्हणाला. "पाच वळी."

त्या पाच ओळींबद्दल विमला पहिल्यांदाच ऐकत होती.

"परेशाचें लग्न आशिल्लें. पाहुणे शहरांतले. तांकां तांबडें शीत कशें वाडप? म्हापशाच्या बाजारांत जया म्हळ्ळ्या धव्या भाताचें बीं मेळ्ळें. कुणग्याच्या कडेक पाच वळी घातल्यो. तूं तेन्ना कुळारा गेल्लें, तुज्या बापायचें दुखणें. तूं परतून येवचे आदीं कापून काडल्यो."

"आनी माका सांगलें, तांदूळ दुकानांतलो म्हण."

"तूं हाडूंक दिवचें नाशिल्लें."

कमल चुलीकडे वळली. लग्नाच्या पंक्तीत तिनेही तो भात खाल्ला होता.

"काकी, तुमी बीं कशें निवडटात?" कृष्णनाथने विचारलं.

हे विमलाला सांगता येत होतं. सत्तावीस वर्षं ती ते करत आली होती. कापणीच्या आदल्या दिवशी ती एकटी कुणग्यात उतरायची. प्रत्येक ठोंब हाताने पारखायचा. सासूने शिकवलेलं: ज्या ठोंबाची काडी जाड, कणीस लांब, दाणा भरलेला, तेवढीच कणसं खुडायची. ती वेगळी मळायची आणि पुढच्या साली कुणग्यात तेच पेरायचं. कुणग्यात जे पिकेल ते त्याच्या पुढच्या साली गावाला.

"आनी शहाऐंशीं सालीं? पाच वळींच्या फुडल्या वर्सा?"

"त्या वर्सा एक ठोंब आशिल्लो," ती म्हणाली. "सगळ्यांपरस हातभर उंच. चवदा कणसां. तसो ठोंब हांवें जल्मांत पळोवंक नाशिल्लो. तशे आनीक दोन-तीन, पूण तो तो."

"आनी तुवें ताचीं सगळीं कणसां घेतलीं."

"मगे कोणाचीं घेतलीं आसतीं?"

कृष्णनाथने चष्मा काढून पुसला. मग कमलला सूप आणि दोन कप मागितले. सुपातले पाच तांबडे आणि पाच पांढरे दाणे त्याने एका कपात टाकले, तसेच दहा दुसऱ्यात.

"दर झाडांत रंगाचे दोन वांटे आसतात. एक आवयचो, एक बापायचो. कोरगुटांत दोनूय तांबडे. जयांत दोनूय धवे. पाच वळींचो परागकण वाऱ्यान कोरगुटाच्या फुलांत पडलो. क्वचित पडटा, पूण पडटा. तें बीं रुजलें तेन्ना ताचे भितर एक तांबडो, एक धवो. दिसपाक तांबडोच, कारण तांबडो धव्याक धांपून दवरता. आनी अशी पयली पिढी दांडगी जाता. उंच, भरगच्च. तो तुजो ठोंब."

"मगे धवो गेलो खंय?"

"खंय वचूंक ना. लिपून रावलो. आतां दोळे धांप आनी दोनूय कपांतलो एकेक काड."

विमलाने डोळे मिटून काढले. तांबडा-तांबडा. परत टाकले, हलवले, पुन्हा काढले. तांबडा-पांढरा. कमल भिंतीवर कोळशाने खुणा करत होती. जिथे एकही तांबडा असेल तिथे रोप तांबडं, असं कृष्णनाथ म्हणाला. वीस वेळा काढल्यावर दोन्ही पांढरे असे चार वेळा आले.

"पाच येवंक जाय आशिल्ले," तो म्हणाला.

"चार इले."

"विसांत चार-पाच-स कितेंय येत. शंभरांत पंचवीसाचे लागीं येता. हजारांत आनीक लागीं."

"म्हणजे भेसळ केली कोणें?" जयरामने विचारलं.

विमला आपल्या उजव्या हाताकडे पाहत होती. अंगठ्याचं नख विळ्याने चिरलेलं, बोटं हळदीची. याच हाताने तिने शेकड्यांतून तो एक ठोंब वेचला होता.

"हें सभेंत सांगल्यार कोण मानतलो?" कमल म्हणाली. "कपांतले दाणे दाखोवन?"

तेव्हा विमला उठली आणि चुलीकडे गेली. चुलीवरच्या आडव्या वाशाला कणसांच्या जुड्या टांगलेल्या होत्या, धुराने काळ्या पडलेल्या. दर वर्षी निवडीतली पाच कणसं बांधून टांगायची, ही सासूची रीत. दहा वर्षं झाली की सर्वांत जुनी चुलीत. प्रत्येकीच्या दोऱ्याला गाठी होत्या. तिने गाठी मोजून एक जुडी काढली.

"ही शहाऐंशीची. त्याच ठोंबाचीं."

कृष्णनाथने ती हातात घेतली नाही. "सोडूं नाका," तो म्हणाला. "सभेक तशीच व्हर."

रविवारी देवळाच्या चौकात चाळीसेक माणसं जमली. चिटणीसाने वही उघडली तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं की राजभाषेचा कायदा झालेला आहे, तर सभेचं कोकणीत लिहा. चिटणीस म्हणाला, बोलणारे सगळे कोकणीत बोलताहेत, लिहिणाऱ्याला तरी मराठीत लिहू द्या. हसून झाल्यावर विषय सुरू झाला.

कृष्णनाथने थोडक्यात सांगितलं. लोकांनी ऐकलं. बाबली उभा राहिला.

"म्हणजे भात आमचेवरी लग्न करता आनी नातू आज्याचेर वता, अशें?"

"साधारण तशेंच."

"आनी त्या लग्नाचें शीत आमी जेवलों, परेशाच्या लग्नांत?"

"जेवलास," जयराम बसल्या जागेवरून म्हणाला. "तीन फावटीं वाडून घेतलेंय."

चौक हसला. बाबलीही हसला, पण बसला नाही. "रुचीक बरें आशिल्लें. पूण हें गावाचें बीं. कागदावयलें गणित माका नाका."

विमला खांबामागून पुढे आली. सभेत बाई बोलायची नाही असं नव्हतं, पण बोललेली कोणाला आठवत नव्हती. तिने जुडी बाबलीपुढे धरली.

"हातूंतलें एक कणीस तूं काड. नखान सोल. भितर पळय."

बाबलीने एक कणीस ओढलं आणि पायरीवर बसून दाणे सोलू लागला. बराच वेळ लागला. चाळीस माणसं त्याच्या अंगठ्याकडे पाहत होती. सोललेले सगळे दाणे तांबडे होते.

"एकूय धवो ना," तो म्हणाला.

"आतां उरिल्लीं चार तुज्या हातान रुजत घाल," विमला म्हणाली. "आमच्या परड्यांत, बांयकडेन. एकेक रोप वेगळें. तांबड्या दाण्यांतल्यान चवथो वांटो धवो भायर सरलो, तर हांवें भर घालूंक ना. सगळो तांबडोच इलो, तर कुणगो तुमचो."

"आनी रुजलेंच ना तर? दोन वर्सां जालीं."

"तर कुणगो तुमचो."

जयरामने मान वर केली, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. चिटणीसाने ते मराठीत लिहून घेतलं.

४ डिसेंबरला बाबलीने चार कणसांचे दाणे मोजले. पाचशे एकसष्ट. ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याने ते विमलाच्या परड्यातल्या मातीच्या तव्यात ठेवले आणि वर आपल्या देवाचं फूल ठेवलं. तिसऱ्या दिवशी काही नव्हतं. चौथ्या दिवशी काही नव्हतं. बाबली सकाळी येऊन गोणपाट उचलायचा आणि परत टाकायचा.

"धुंवरान भाजून गेलें तें," तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता.

सहाव्या दिवशी कोंब दिसले. एकंदर एकशे अठरा.

रोपं वीतभर झाल्यावर एकेक वेगळं लावलं. कमलने प्रत्येकाशेजारी बांबूची कामटी रोवून कोळशाने आकडा घातला. त्या दिवसापासून विमलाच्या दिवसाला नवा आकार आला. सकाळी विहिरीतून तीस कळशा, संध्याकाळी तीस. जयराम वाकू शकत नव्हता, तो खुर्चीवर बसून पाखरं हाकायचा. त्याच्या हातात डबा आणि काठी असायची, आणि रस्त्यावरून जाणारी पोरं विचारायची, "काका, बँड खंयचो?" गिरणीत विमला जायची बंद झाली होती. घरचं भात ती व्हायनातच कांडायची. दळणाला कमल जायची आणि तिथे काय बोललं गेलं ते घरी सांगत नसे.

जानेवारीत कृष्णनाथ पाहणीला आला तेव्हा वाशाकडे बघून म्हणाला, "काकी, चौऱ्याऐंशीची जुडी आसा? पाच वळींच्या आदली?"

होती. पंच्याऐंशीची नको, त्या साली पराग पडलेला, चौऱ्याऐंशीची शुद्ध. विमलाने पाचही कणसं भिजत घातली. सहाशेवर दाण्यांतून सात कोंब आले, एक मेला. उरलेली सहा रोपं तिने पत्र्याच्या डब्यांत लावून घराच्या पुढच्या अंगणात ठेवली. मागच्या रोपांपासून लांब, मध्ये अख्खं घर. त्यांच्याबद्दल तिने बाहेर कोणाला सांगितलं नाही.

११ मार्चला दुपारी एक बैल परड्यात शिरला. जयरामला डुलकी लागली होती. तो डबा वाजवत उठला तोवर एक अख्खी ओळ गेली होती. अकरा रोपं. बैल बाबलीचा होता.

बाबली धावत आला. बैलाला बाहेर काढून तो कामट्या उचलून आकडे बघत राहिला. "हांवें सोडूंक ना गो वयनी. दावें तुटलें. देवाशपथ."

"खबर आसा," विमला म्हणाली.

"लोक म्हणटले, मुद्दाम सोडलो."

"म्हणूं दी. माका म्हणटात तशें तुकाय म्हणटले."

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः परड्याला काटेरी कुंपण घातलं. दोन दिवस लागले. विमलाने त्याला दोन्ही दिवस पेज वाढली, आणि त्याने ती मुकाट्याने खाल्ली.

रविवार, ९ एप्रिल १९८९. सकाळी आठ वाजता मोजणी सुरू झाली. संघाचे सात जण, कृष्णनाथ, आणि कुंपणाबाहेर पोरं-बायका. उन्हं चढायच्या आधी उरकायचं होतं. रोपं सगळी एकसारखी नव्हती. काही हातभर उंच, काही गुडघ्याखाली, काहींना कुसळं, काहींना अजिबात नाहीत. एका ठोंबातून एक कणीस बाबली काढायचा, दहा दाणे नखाने सोलायचा आणि रंग सांगायचा. कमल पाटीवर रेघ ओढायची. दुसरी पाटी चिटणीसाची.

"एक. तांबडो."

"दोन. तांबडो."

"तीन. तांबडो."

नवव्यापर्यंत सगळे तांबडे. विमला विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. तिने पदर तोंडावर धरला होता आणि कोणाकडे पाहत नव्हती.

"धा," बाबली म्हणाला आणि थांबला. दुसरा दाणा सोलला, तिसरा सोलला. तळहात वर करून त्याने सगळ्यांना दाखवला. दहाही दाणे पांढरे होते.

कुंपणाबाहेर गलका झाला. कृष्णनाथने हात वर करून शांत केलं. "मेजत राव."

साडेदहापर्यंत चाललं. बाबलीचा अंगठा सोलून निघाला तेव्हा तो डाव्या हाताने करू लागला. दहा ठोंब पोकळ निघाले, ते सोडले. उरले सत्त्याण्णव. दोन्ही पाट्या जुळल्या: तांबडे एकाहत्तर, पांढरे सव्वीस.

"चवथो वांटो किती जाता?" बाबलीने विचारलं.

"चोवीस आनी वयर थोडें," कृष्णनाथ म्हणाला.

"दोन चड इले."

"दोन चड इले."

बाबलीने अंगठा तोंडात घातला. "बरें. भर घालूंक ना," तो विमलाकडे पाहून म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग हळू आवाजात, "पूण बीं बिघडलें तें तुज्याच हातान, वयनी."

"म्हज्याच," विमला म्हणाली.

सभा तिथेच झाली. भेसळीचा आरोप वहीतून खोडला. कुणग्याचं काय, यावर मात्र दोन मतं पडली. कोणी म्हणालं, चूक ती चूक, बी आता संघानेच ठेवावं. कोणी म्हणालं, ठेवायला बी आहे कुठे? गावात आता खात्रीचं कोरगूट एकाही घरात नव्हतं. त्या सालच्या पेरणीसाठी नदीपलीकडून मागून आणायचं ठरलं. तेव्हा विमलाने पुढच्या अंगणातली सहा रोपं दाखवली. लोक डब्यांभोवती गोळा झाले. रोपं पोटरीला आलेली होती, कणीस अजून आतच.

"सहा?" कोणीतरी म्हणालं.

"सहा," विमला म्हणाली.

चिटणीसाने लिहिलं: बियाच्या कुणग्याचा निर्णय पुढील सभेत.

१९ एप्रिलला सहाही रोपं फुलात आली. २१ ला सकाळी कमल परड्यात भाजीचे वाफे काढायला गेली आणि धावत पुढे आली.

"आई, फाटल्यान ये."

मोजणीनंतर मागचे ठोंब कापले होते, पण बुंधे उपटले नव्हते. विहिरीच्या सांडपाण्यावर त्यांना फुटवे आले होते. सव्वीस पांढऱ्यांतल्या दोन बुंध्यांवर बोटभर कणसं वर निघालेली, आणि त्यांच्यावर फूल होतं. विमलाने एक कणीस बोटाने हलवलं. परागाची पिवळी धूळ बोटाला लागली.

त्या दुपारपर्यंत दोघींनी सगळे बुंधे उपटून जाळले. जयराम म्हणाला, "कोणें पळोवंक ना. घर मदीं आसा. सांगूं नाका."

विमला राखेवर पाणी शिंपडत होती. "पाच वळी तुमी सांगूंक नाशिल्ल्यो," ती म्हणाली.

संध्याकाळी ती बाबलीच्या दारात गेली. तो बैलाला पाणी दाखवत होता. तिने सगळं सांगितलं: दोन कणसं, किती दिवस, किती पावलं लांब.

बाबलीने बादली खाली ठेवली. "वारो खंयचो आशिल्लो?"

"खबर ना. फिरतो."

"कृष्णनाथ किदें म्हणटा?"

कृष्णनाथ दुसऱ्या दिवशी आला. त्याने पावलं मोजली. तीस, मध्ये घर. बहुधा पडला नसेल, असं तो म्हणाला. खात्री मागितल्यावर म्हणाला, खात्री देता येत नाही. आता कणीस सोलून काही कळणार नाही, दाणे सगळे तांबडेच दिसतील. पेरल्यावर कळेल.

"कशें?" विमलाने विचारलं.

"सगळ्यांपरस उंच, दांडगो, भरगच्च असो ठोंब दिसलो, तर तो कणसां धरचे आदीं उपटून उडोवप. फूल येवंक दिवप ना."

"बरो ठोंब उपटप?"

"सगळ्यांत बरो आसा तोच."

खारं पाणी सोसायचा गुणही रंगासारखाच येतो का, असं तिने पुढे विचारलं. ते एका वाट्याचं काम नाही, अनेकांचं आहे, त्याचं गणित आपल्याला येत नाही, असं तो म्हणाला आणि स्कूटर सुरू केली.

२० मे रोजी सहा रोपांची कापणी झाली. विमलाचा हात सवयीने भरलेल्या कणसाकडे गेला आणि तिथून मागे आला. तिने प्रत्येक रोपाचं सगळं घेतलं, लहान-मोठं न पाहता. वाशाला टांगायच्या जुडीसाठी डोळे मिटून पाच कणसं काढली. बाकीचे दाणे एकोणीसशे सहा भरले. त्यांतला एक बाबलीने सोलला. तांबडा होता. तो त्याने तोंडात टाकला.

संघाची पुढची सभा नोव्हेंबरमध्ये, कापणीनंतर ठेवली आहे. तोवर कुणगा जयरामच्या घराकडेच राहील, पण त्यात दुसरं काही लावायचं नाही, असं ठरलं. ९ जूनला विमलाने कुणग्याच्या एका कोपऱ्यात ते बी टाकलं. उरलेला कुणगा मोकळा आहे. बाबली आपला बैल आता दोन दाव्यांनी बांधतो.

शनिवारी, १७ जूनला, सकाळी सात वाजता पाऊस थोडा थांबला होता. विमला आणि कमल गुडघ्यांवर बसून मोजत गेल्या. चौदाशे बारा रोपं वर आली होती. मोजून झाल्यावर विमला गाल चिखलाला लागेल इतकी वाकली आणि रोपांच्या शेंड्यांवरून आडवी नजर टाकली. सगळी बोटभर, एकाच उंचीची होती.